मावसाजींच्या रुसलेल्या बॅटऱ्या

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या मावसाजींइतका भित्रा माणूस दुसरा नाही, आणि अशा माणसाने अकोल्यात पोटासाठी निवडलेला धंदा कोणता, तर मेलेले मोबाइल आणि लॅपटॉप गोळा करून त्यांतल्या बॅटऱ्या वेगळ्या करायचा. या बॅटऱ्या पुढे कारखान्यात जातात, तिथे त्यांची काळी भुकटी होते, भुकटीतून लिथियम, कोबाल्ट निघतं आणि त्याच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या बनतात. हे सांगताना मावसाजींचा चेहरा बारशाला आलेल्या आजोबांसारखा खुलतो. पण लगेच शेजारच्या खोलीत कुणाचा फोन चार्जिंगला तर नाही ना, हे बघायला ते उठतात. लग्नाला गेले की नवरदेवाआधी मांडवातलं वायरिंग बघतात. एकदा तर झोपलेल्या वरमाईच्या उशाखालून त्यांनी चार्जर लावलेला फोन ओढून काढला, आणि त्या घरी तोंड दाखवायची मावशीला चोरी झाली. फुगलेली बॅटरी ते रेतीत पुरून ठेवतात, आणि अंगणात कुणी मोठ्याने बोललं तर दटावतात, "हळू बोल ना बे! थे रुसून बसली हाय."

"एवढी भीती वाटते तर हे करता कशाला?" असं मी एकदा विचारलं.

"लोकं नाल्यात फेकतेत. तिथं त्या पेटतेत, नाही पेटल्या त त्यायचं जहर विहिरीत उतरते. त्याचं मले याच्याहून जास्त भेव वाटते."

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे दर्यापूरहून जीपने येत होतो. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानातून घेतलेल्या बॅटऱ्यांचा पत्र्याचा डबा मावसाजींच्या मांडीवर होता. शेजारी वांग्यांची टोपली आणि तान्ही नात घेऊन एक भाजीवाली बाई दाटीवाटीने बसली होती.

"गाडी थांबव! बॅटरी फुटाच्या आधीचा गोडसर वास येऊन रायला," मावसाजी एकदम ओरडले.

"मांगच्या खेपेलेबी तुमाले वास आला होता, मावसाजी. थो त खरबुजाचा निंघाला!" ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात डबा फुसफुसला. झाकणाच्या फटीतून पांढरा धूर आला, बाई किंचाळली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. डबा तिथेच टाकून मावसाजींना उडी मारता आली असती. त्यांनी एकदा त्या लेकराकडे पाहिलं, डबा छातीशी धरला आणि नांगरलेल्या शेतात धावत सुटले. मागोमाग फटफट आवाज, जाळ, आणि नुसता धूर. त्या धुरात माणूस दिसेना. मी हाका मारत होतो, उत्तर येत नव्हतं.

मग ते ढेकळांवरून ठेचकाळत आले. भुवया जळालेल्या, आणि दोन्ही तळहात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे अंगापासून लांब धरलेले.

"उतरले ना सगळे?" एवढं विचारून ते खालीच बसले.

हात बरे झाले. बोटं पूर्ण मिटत नाहीत. धंदा चालू आहे. आता जीपवाले त्यांच्या एका शब्दावर गाडी थांबवतात, पण मावसाजी हल्ली ओरडतच नाहीत. परवा मी त्यांच्याकडून निघालो तेव्हा हातातल्या बॅटरीवरची नजर न उचलता म्हणाले, "घाई नसन त बसतं का थोडा वेळ माह्यापाशी?"

मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.