टाउन मीटिंगमध्ये वर केलेला हात

अमेरिकेतल्या वसाहतींनी ब्रिटिशांविरुद्ध बंड का केलं, ते माझ्या अकरा वर्षांच्या नातीने माझ्याकडून पाठ करून घेतलं. माझ्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कार्डं पसरायची, मी मेथी निवडत बसायची, आणि ती मास्तरणीच्या आवाजात विचारायची, "आजी, व्हाय डिड द कॉलनिस्ट्स फाइट द ब्रिटिश?"

"कर घ्यायचे आणि विचारायचे नाहीत म्हणून."

"फुल सेंटेन्स, आजी."

"तुझ्या आजोबांसारखेच होते ते. निर्णय आधी, चर्चा नंतर."

"दॅट्स नॉट ऑन द कार्ड!"

नागरिकत्वाच्या मुलाखतीत माझ्या वयाला थोडेच प्रश्न विचारतात, तेही हवं तर मराठीत, असं अर्जासाठी गाठलेल्या वकीलबाईंनी सांगितलं होतं. पण नातीला सूट मान्य नव्हती.

चाळीसेक वर्षं मी या देशात ग्रीन कार्डावर राहिले. नागरिकत्व घेतलं नाही. माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, तेव्हा त्यांच्या मुलीने परक्या देशाची शपथ घ्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. वडिलांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. उलट एका पत्रात त्यांनी विचारलं होतं, 'तिकडे राहायचंय तर अर्धवट का राहतेस?' पण तिशीतली मी भलतीच तत्त्वनिष्ठ बाई. नवरा दिवसभर हॉस्पिटलात, आणि तत्त्वं कुरवाळायला वेळच वेळ.

मग गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण भारतातून परतली. तिचंही माझ्यासारखंच कार्ड, तीस वर्षांचं. बॉस्टनच्या विमानतळावर तिला आतल्या खोलीत पाच तास बसवून ठेवलं. फोन काढून घेतला. विचारलं फारसं काहीच नाही, आणि शेवटी जा म्हणाले. तेव्हापासून ती कुठेही गेलेली नाही. बहीण वारली तरी गेली नाही. हे तिने मला तिच्याच स्वयंपाकघरात, खिडकी लावून घेऊन सांगितलं.

"आई, आता बस झालं," मुलगा म्हणाला. "अर्ज करायचा."

मी कसला वाद घालणार? नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पुण्याचा फ्लॅट विकला, भावंडं एकेक करून संपली. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या मुलाच्या घरातली खालची खोली एवढंच माझं जग, आणि डोक्यावर नातीच्या उड्यांचा धडधडाट. इथून काढलं तर जायला जागा नाही.

एका रविवारी मुलाने फॉर्म भरला. तो इंजिनिअर आहे, त्याला फॉर्म भरायला माणूस लागत नाही.

"आई, कुणाचा खून केलायस?"

"अजून नाही."

"दहशतवादी संघटनेची सभासद?"

"महिला मंडळ धरायचं का?"

तो हसला आणि खालच्या सगळ्या प्रश्नांना न विचारताच 'नो' करत गेला. मी सही केली.

मुलाखतीला आठ दिवस उरले असताना नात शाळेतून काहीतरी वाचून आली. ब्रिटिशांनी मॅसॅच्युसेट्सच्या गावसभांवर बंदी घातली होती, वर्षातून एकच सभा, बाकीच्या गव्हर्नरला विचारून. लोकांनी काय केलं? सभा संपवायचीच नाही. तहकूब करायची, पुन्हा भरवायची, पुन्हा तहकूब. आणि वुस्टरला, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, हजारो शेतकरी जमले आणि ब्रिटिशांनी नेमलेल्या न्यायाधीशांना टोपी हातात घेऊन दोन रांगांमधून चालायला लावलं. एकही गोळी न झाडता. थोड्या थोड्या अंतरावर थांबायचं आणि 'मी हे पद सोडतो' असं पुन्हा मोठ्याने वाचायचं.

"दे वेअर जस्ट टाउन पीपल, आजी. दे वोटेड विथ देअर हँड्स." आणि तिने हात वर करून दाखवला.

मेथीची काडी माझ्या बोटांत तशीच राहिली.

या देशात येऊन मला दोन वर्षं झाली होती. तेव्हा आम्ही श्रूजबरीच्या पलीकडे एका लहानशा गावात राहायचो. तिथे अजूनही सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमून निर्णय घेतं. शेजारीण म्हणाली, चल, गंमत बघ. दारात एक बाई यादी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीच्या नावावर खूण केली आणि मला हसून मागच्या भिंतीलगतच्या खुर्च्या दाखवल्या: मतदार नसलेल्यांनी तिकडे बसायचं.

झालं. स्वातंत्र्यसैनिकाच्या मुलीला भिंतीलगत बसवता? वडिलांना ब्रिटिशांनी गजाआड बसवलं होतं, त्यामानाने खुर्ची बरीच होती, पण हे तेव्हा कुठलं सुचायला! दहा मिनिटांनी मी पदर सावरत उठले आणि थेट शेजारणीच्या बाजूला जाऊन बसले. कुणी अडवलं नाही. विषय होता तळ्याकाठचा रस्ता रुंद करून झाडं पाडायची का. विरोधात असलेल्यांनी हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. माझ्या हातात तेव्हा डझनभर बांगड्या असायच्या. हात इतका ताठ वर गेला की बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मोजणारे दोनदा फिरले. ठराव एका मताने पडला.

एका मताने! त्या वर्षी गणपतीत मोदक वाढता वाढता मी साठ माणसांना सांगितलं, "रस्ता माझ्या हाताने अडवला." कुणी म्हणालं नाही की अगं बाई, तुला मतच नव्हतं. सगळ्यांनी वा वा केलं आणि अजून एकेक मोदक घेतला.

त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. नागपूरच्या, माझ्या मुलाहून लहान. त्यांनी सगळं ऐकलं. लिहिता लिहिता पेन थांबलं.

"काकू, हात वर केला, की नुसत्याच बसला होतात?"

"केला."

"मोजला?"

"दोनदा."

त्यांनी फॉर्म उघडून एका प्रश्नावर बोट ठेवलं. 'तुम्ही कधी मतदान केलं आहे का, स्थानिक निवडणुकीतसुद्धा?' पुढे 'नो', आणि खाली माझी सही. नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे, त्यावरून देशाबाहेरही काढतात. गावसभेतला हात निवडणुकीत धरायचा की नाही, यावर वाद घालता येईल, त्या म्हणाल्या. पण वाद कोण ऐकेल, ते सांगता येत नाही. पूर्वी असल्या गोष्टीवर ताकीद देऊन सोडायचे. आता सांगता येत नाही. अर्ज मागे घेतला तरी तो फायलीत राहणार. 'सांगता येत नाही' हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की मुलाने कपाळाला हात लावला.

बाहेर गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, हात मोजतात, नावं लिहीत नाहीत. कुठेही रेकॉर्ड नाही. तू फक्त नो म्हण."

"आणि तिथे खरं बोलायची शपथ घ्यायची, तिचं काय?"

"कुणालाही कळणार नाही यार, आई."

आईला यार म्हणण्याइतका तो घाबरला होता.  खरं सांगते, ते आठ दिवस मी 'नो'चाच सराव केला. आंघोळ करताना, कुकर लावताना. नो. नो सर. फार सोपा शब्द आहे, नातीने कार्ड करण्याची गरजच नव्हती.

मुलाखतीच्या खोलीला खिडकी नव्हती. अधिकारी तरुण, सभ्य, अजिबात न हसणारा. शपथेसाठी त्याने उजवा हात वर करायला सांगितलं. मी केला, आणि माझ्या लक्षात आलं की सरावाचा काही उपयोग होणार नाही. इतिहासाची उत्तरं मी धडाधड दिली. मग त्याने त्याच आवाजात फॉर्ममधले प्रश्न सुरू केले.

"हॅव यू एव्हर व्होटेड?"

"येस," मी म्हटलं. "वन्स."

त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. "इथे नो लिहिलंय."

"मुलाने भरलं. सही माझी आहे."

त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला. कुठे, केव्हा, कशावर, सगळं स्वतःच्या अक्षरात. मी लिहीत असताना शेजारी बसलेल्या वकीलबाई प्रत्येक ओळ आपल्या वहीत टिपून घेत होत्या. तासाभराने त्याने मला छापील कागद दिला: निर्णय आत्ता देता येत नाही.

नात दारातच उभी होती. "डिड यू पास?"

"प्रश्न सगळे बरोबर आले," मी म्हटलं. ती नाचत वर पळाली. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

सात आठवड्यांनी पत्र आलं. पुन्हा हजर व्हा. पासपोर्ट आणा, आणि त्या सभेच्या इतिवृत्ताची गावाने शिक्का मारलेली प्रत आणा. मुलगा म्हणाला, मी जाऊन आणतो. मी म्हटलं, नको, मीच जाते.

गावच्या कचेरीतल्या मुलीला जुनी वही सापडायला वीस मिनिटं लागली. धूळ झटकत तिने पान उघडलं, वाचलं, आणि खूश होऊन म्हणाली, "वॉव, एका मताने! तळ्याकाठची झाडं अजून आहेत. तुम्ही होतात का या सभेला?"

"होते."

तिने प्रत काढली, तारीख घातली, शिक्का दाबला आणि कागद माझ्या हातात दिला. शिक्क्याची शाई ओली होती. मी तो घडी न घालता, दोन्ही हातांत धरून गाडीपर्यंत आणला.

मंगळवारी सकाळी नऊला बोलावलंय.