किल्लीवाल्याची तिखट प्लेट

फळवालीच्या गाडीवर साधी प्लेट चुटकीसरशी मिळायची. पेरू, अननस, पपई चिरली, मीठ-लिंबू मारलं, दिली हातात. तिखट प्लेटीची गोष्ट वेगळी. हिरवी मिरची, जिरं आणि मीठ ती खलबत्त्यात ताजं कुटायची, आणि एकदा कुटायला लागली की घाई म्हणजे काय ते तिच्या गावीही नसे. "मसाला शेजारणीच्या चुगलीसारखा असतो," ती म्हणायची, "शिळा झाला की मजा गेली."

चाळिशी उलटली तरी तिचं लग्न जमलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते समोरच्या फुटपाथवर किल्लीवाला येऊन बसल्यापासून. विधुर, उंच, अबोल. रोज दुपारी यायचा, "तिखट," एवढंच म्हणायचा. खाताना नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, पण पठ्ठ्या एक फोड टाकायचा नाही. हा तिखटासाठी येतो की आपल्यासाठी, हे तिला कळेना. आणि विचारायचं कसं? एरवी गिऱ्हाइकांपुढे कात्रीसारखी चालणारी तिची जीभ याच्यापुढे टाळ्याला चिकटायची.

त्यात आज वहिनीने परगावचं स्थळ आणलेलं. "वन्सं, संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा," असं सकाळीच बजावलं होतं. "ते लोक काही थांबायचे नाहीत."

दुपारी किल्लीवाला आला. "तिखट." तिच्या डोक्यात वहिनीचं 'हो की नाही' घुमत होतं. तिने कुटलं, कालवलं, लिंबू पिळलं, प्लेट पुढे केली. त्याने पहिली फोड तोंडात टाकली मात्र!

"हाश्! हुश्! आज काय जाळ केलाय हो! कानांतून धूर निघतोय!"

फळवाली खुलणार, तोच तिची नजर टोपलीत गेली. मिरच्या देठांसकट जशाच्या तशा. धांदलीत तिने नुसतं मीठ-जिरंच कुटलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "मिरची घालायची राहिली की."

त्याचं हुश् अर्ध्यावरच अडकलं. आता मात्र कान खरोखरच लाल झाले.

"मला तिखट सोसत नाही," तो पुटपुटला. "इथून गेलो की रोज थंड दूध पितो."

"मग साधी का नाही मागत?"

"साधी तुम्ही पटकन देता. तिखटाला वेळ लागतो. तेवढंच उभं राहायला मिळतं."

फळवालीला हसू फुटलं, रडूही फुटलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाईक बाई "माझी साधी" म्हणत होत्या, ते तिच्या कानांत शिरेना. तिने फोन लावला.

"वहिनी, त्या लोकांना नाही म्हणून कळव. किल्लीवाल्याला तिखट सोसत नाही!"

"म्हणजे काय, वन्सं?"

"म्हणजे माझं लग्न ठरलं गं!" ती ओरडली. मग जीभ चावून किल्लीवाल्याकडे वळली. "ठरलं ना हो?"

त्याचं तोंड अननसाने भरलेलं होतं. तो इतक्या जोरजोरात मान हलवायला लागला, की ठसका लागला समजून मागच्या बाईंनी त्याच्या पाठीवर दोन धपाटे घातले.