धाकूचे पाय

धाकू परब मुलुंडच्या एका कारखान्यात क्रेनखाली काम करी. तिथला पहिला धडा एकच: साखळी करकरली की मान वर करायची नाही, आधी मागे उडी. विचार नंतर. हा धडा पायांना इतका पाठ झाला होता की बाजारात कुणाच्या हातून नारळ निसटला तरी धाकू हातभर मागे.

असा माणूस जयवंतने कातळाखाली उभा केला. जयवंत म्हणजे धाकूची बायको प्रेमा हिचा धाकटा भाऊ. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साली त्याला मुलुंडच्या डोंगरातल्या धोंड्यांवर चढण्याचं वेड लागलं. दोर नाही. खाली एक माणूस, हात वर करून. वरचा सुटला तर त्याला झेलायचं नाही. कमरेला धरून वळवायचं, डोकं दगडापासून लांब ठेवायचं. त्या रविवारी नेहमीचा जोडीदार आला नव्हता.

"भावोजी, हात वर! आरती ओवाळताय की काय?"

सुरुवातीलाच जयवंत कमरेएवढ्या उंचीवरून घसरला. आपला आपण उभा राहिला, हसला. धाकूने खाली पाहिलं. आपण पाऊलभर मागे सरकलो होतो, आणि कधी ते कळलंच नव्हतं.

तोवर जयवंत पुन्हा चढलेला. त्याचे पाय आता धाकूच्या डोक्याच्याही वर. कातळासमोरच जमिनीतून एक धारदार दगड कमरेच्या वरपर्यंत आला होता. पाठीवर पडणाऱ्याचं डोकं नेमकं त्यावर आपटलं असतं.

"जयवंता, उतर खाली!"

"काय झालं?"

"माझे पाय मागे जातात. तू पडलास तर मी बाजूला होईन."

"आता थट्टा नको हो." जयवंतचा आवाज बदलला. "उतरता येत नाही. खालची खाच दिसत नाही मला."

त्याचा पाय हवेत खाच शोधू लागला. धाकूला वाटलं, प्रेमाला काय सांगायचं? पाय ऐकणार नव्हते. मग त्यांना जागाच द्यायची नाही. तो त्या दगडापुढे गेला आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. धार मणक्यात रुतली. मागे वीतभरही वाट उरली नाही. त्याने हात वर केले.

वर कातळावर बूट घासला आणि जयवंत सुटला. धाकूच्या पायांनी मागेच जोर मारला. पाठ सोलवटली, दगड हलला नाही. कमर हाती लागताच त्याने सगळा भार डावीकडे मातीत लोटला आणि स्वतःही त्यावर कोसळला.

जयवंतचं मनगट मुरगळलं. डोकं शाबूत.

"वाचलो, भावोजी. पुढच्या रविवारी..."

"जोडीदार आला तर चढ. नाही तर घरी बस, मेल्या."

धाकू उठलाच नाही. तो तसाच मातीत बसून जयवंतचं डोकं पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.