दादाच्या गिटारचा ट्रेबल

माझा भाऊ परभणीतल्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. लग्नं, गणपती, नवरात्र, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. बाकीच्या दिवशी घरीच क्लास घ्यायचा. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळं घरातली वायरी-बटणांची सगळी कामं आपोआप माझ्याकडं आली. त्यातलंच एक म्हणजे दादाचा मॉडेलर.

मॉडेलर हा पायानं चालवायचा एक चपटा डबा. मोठमोठे अँप्लिफायर, त्यांचे स्पीकर, स्पीकरसमोर ठेवलेला माईक, या सगळ्यांची नक्कल त्यात भरलेली असते. गिटारची वायर डब्यात, डब्याची वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला. दादाचा आधीचा खराखुरा अँप ताडकळसच्या एका लग्नात जनरेटरच्या चढउतारानं जळाला होता. धूर पाहून नवरदेवाच्या मामानं त्यावर घागरभर पाणी ओतलं आणि उरलीसुरली आशाही संपली. मग आम्ही पुण्याहून हा डबा मागवला.

सुरुवातीला त्यानं आम्हाला रडवलं. घरी हेडफोनवर गोड लागणारा आवाज मांडवात गेला की गांधीलमाशीसारखा व्हायचा. मी शोधत गेले तसं कळत गेलं. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरची धार, म्हणजे ट्रेबल, दोन्ही कमी ऐकू येतात. म्हणून घरी बसून आपण ती वाढवतो, आणि मोठ्या आवाजात तीच अंगावर येतात. म्हणजे टोन लावायचा तर मोठ्यानं वाजवूनच लावायचा. पार्टीच्या मालकांचं पोखर्णी रोडला सामानाचं गोदाम होतं. रविवारी दुपारी आम्ही तिथं स्पीकर मांडून बसायला लागलो. दादा वाजवायचा, मी लॅपटॉपवर एकेक गोष्ट हलवायचे. आवाज फाटवणारा गेन वाटतो त्याच्या निम्माच ठेवायचा. नकली माईक स्पीकरच्या मधोमध न धरता कडेला सरकवायचा. अगदी वरचा, बोचणारा भाग फिल्टरनं कापून टाकायचा. असं करत करत एक आवाज सापडला. सूर संपत आला की त्यात किंचित खरखर यायची, बोलता बोलता माणसाचा गळा दाटून यावा तशी. दादानं तो सूर पुन्हा पुन्हा वाजवला. मग म्हणाला, "हे सेव्ह कर. याला आता हात लावायचा न्हाई."

काही वर्षं तो आवाज तसाच राहिला. लोक पार्टीला बोलावताना 'तो गिटारवाला हाय ना?' असं विचारायचे.

मग तक्रारी सुरू झाल्या. एकदा मालक घरी आले, चहा घेता घेता म्हणाले, "तुमची गिटार आजकाल लय टोचायलीय. काल बाया लेकरांचे कान झाकून बसल्या व्हत्या."

"मिक्सरवाल्यानं ट्रेबल वाढवला असंल," दादा म्हणाला.

मी डबा लॅपटॉपला जोडून पाहिला. ट्रेबल जवळजवळ टोकाला नेलेला होता आणि मी लावलेला फिल्टर बंद होता.

"हे कुणी केलं?"

"मीच. लय मुका झालाय तो आवाज. गोधडीखालून आल्यासारखा."

मी सगळं परत जागेवर आणलं. पुढच्या कार्यक्रमाला त्यानं पुन्हा वाढवलं. यावरून आमची भांडणं व्हायला लागली. तो म्हणायचा, तुला वाजवता येत न्हाई, तुला काय कळतंय. मी म्हणायचे, कान फाटायलेत लोकांचे. त्यानं वायर बदलली. दर कार्यक्रमाला नव्या तारा चढवायला लागला. शेवटी डब्यातच बिघाड आहे म्हणून तो नांदेडला दाखवून आणला. दुरुस्तीवाल्यानं उघडून, वाजवून परत दिला. काही झालेलं नाही, म्हणाला.

त्याच सुमारास आईची एक कुरकुर असायची. दादा हाक मारली तरी ओ देत नाही, चार माणसांत नाव झालं म्हणून चढलाय. मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

एका रविवारी आम्ही पुन्हा गोदामात गेलो. मी त्याला म्हणाले, "तू डोळे मिटून एकच तुकडा वाजवत राहा. मी वरचा भाग थोडा थोडा कापत जाते. फरक पडला की सांग."

त्याला वाटलं, डब्यातला बिघाड शोधायलेय. तो खुर्चीत बसून वाजवायला लागला. मी फिल्टर पार वरून खाली आणत गेले. आधी तारेवरची झळाळी गेली. मग तार छेडायची पिक तारेला लागताना होणारी बारीक टकटक गेली. मी थांबले, त्याच्याकडं पाहिलं. तो शांतपणे वाजवत होता. मी आणखी खाली आले. आता आवाज शेजारच्या घरातून यावा तसा येत होता.

"सुरू कर की," तो डोळे न उघडता म्हणाला.

मी फिल्टर आणखी खाली नेला.

"हां. आता जरा बदलला."

मी लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. ते आकडे त्याला माझ्याइतकेच पाठ होते. तो पडद्याकडं बघून म्हणाला, "परत कर." त्यानं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तोच तुकडा वाजवला आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला. आणखी एकदा कर, असं त्यानं म्हटलं नाही. गिटार पिशवीत घातली आणि दारात जाऊन उभा राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद आमच्यासमोर धरला. रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि तिथून विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती.

"स्पीकरच्या शेजारी उभे राहता का?"

"आमची जागाच तिथं असती," दादा म्हणाला.

"वरचे, बारीक आवाज पकडणाऱ्या कानातल्या नसा गेल्यात. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते जपा."

कानात सतत शिट्टी वाजते, हे त्यानं त्या खोलीत पहिल्यांदा सांगितलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेल्या कानातल्या मशीननं बोलणं बरं ऐकू यायला लागलं, पण गिटार पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजते, म्हणून ते तो वाजवताना काढून ठेवायचा. आईला सगळं सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायचं तर समोर येऊनच बोलायची.

"टोन आता तू लावायचा," तो मला म्हणाला. "मी हात लावत न्हाई."

त्यानं शब्द पाळला. सोनपेठच्या कार्यक्रमात मी जुना आवाज लावून दिला. तो इतका सुंदर वाजवत होता की बसलेली माणसं बोलायची थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यानं विचारलं, "कसा व्हता आवाज?"

"चांगला."

"चांगला म्हंजे कसा?"

मी सांगायचा प्रयत्न केला. गोड होता, भरलेला होता, शेवटी ती खरखर येत होती. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की यातून त्याला काही मिळत नाहीये. तो मान हलवत राहिला, लांबच्या गावाला गेलेल्या माणसाची खुशाली ऐकावी तसा.

पुढच्या हंगामाआधी त्यानं स्वतःच पार्टी सोडली. मालक चांगले, त्यांनी दोनदा राहा म्हटलं. जिंतूरकडचा एक गिटारवाला त्याच्या जागी आला. दादानं मॉडेलर त्याला देऊन टाकला, कोणतं बटण कशाचं ते समोर बसवून शिकवलं. क्लासही हळूहळू बंद झाला. चुकीचा सूर त्याला बोटांवरून कळायचा, पण नवशिक्याची तार कुठं नुसती खडखडते ते कळायचं नाही. आता तो चुलतभावाच्या हार्डवेअर दुकानात बसतो.

मागच्या लग्नसराईत नात्यातल्या एका लग्नाला आम्ही दोघं गेलो, तर तीच पार्टी होती. नव्या माणसानं टोन बदलला होता. गेन जास्त, वर इको, सगळं एकात एक मिसळलेलं. दादा पुढच्या रांगेत बसून त्याची बोटं बघत होता.

"कसा वाजवायलाय?" त्यानं मला विचारलं.

"बरा," मी त्याच्यासमोर तोंड नेऊन म्हणाले.

तो आणखी थोडा वेळ बसला. मग अक्षता पडायच्या आधीच उठला. "चल, जेवून घेऊ. मग गर्दी हुईल."