पोत्यातला सीतेचा अशोक

पोत्यात झाड आहे, असं मी भर बसमध्ये घसा फोडून सांगत होते. एकानंही विश्वास ठेवला नाही. तुम्ही तरी ठेवा, मग सांगते.

तेव्हा हे चंदीगडजवळ चंडीमंदिरच्या छावणीत, फौजेत हवालदार. पंजाबात रोज कुठेतरी काहीतरी उडत होतं. बेवारस पिशवी दिसली की माणसं बसच्या खिडकीतून उड्या मारायची. अशा दिवसांत ह्यांनी कुंडी पोत्यात घातली, वरून तारेने आवळली आणि मला म्हणाले, "जपून ने. चंदीगडच्या बागेत माळी वाट बघतोय."

आत सीतेचा अशोक. औषधासाठी साली ओरबाडून लोकांनी आमच्या कोकणातल्या रानातून तो संपवत आणलाय. देवराईत उरलेल्या एका झाडाच्या बिया ह्यांनी आणल्या, त्यातली एकच रुजली. आता आमची बदली आली होती, त्याला जमीन हवी होती.

नाक्यावर बंदूकवाला जवान बसमध्ये चढला. "ये किसका है?"

"हमारे उनका."

"उनका किसका?"

"मेरे घरवाले का. बोरी में पेड़ है. वो चंडीमंदिर में फौजी है."

"नाम बताओ, फोन करके पूछते हैं."

आता नवऱ्याचं नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. मी पोत्याची तार घट्ट धरली. बस रिकामी झाली. कंडक्टर लांब उभा राहून म्हणाला, "बहनजी, नाम दस दो जी, बता दो. किसे छुपा रही हो?"

"अपने मरद को," मी म्हटलं. त्याने काही भलं झालं नाही.

जवानाने पोत्याची तार माझ्याकडूनच सोडवून घेतली. कोवळी पानं तपकिरी, मान टाकून लोंबत होती.

"ये तो मरा हुआ है. मरा पेड़ कौन ले जाता है? मिट्टी में क्या है?"

"नया पत्ता ऐसाच लटकता है, बाद में हरा होता है."

हेही कुणाला पटलं नाही. त्याने संगीन मातीला लावली. मूळ तुटलं असतं तर सगळंच संपलं असतं. मी डोक्यावर पदर घेतला.

"पोत्यात बसला सीतेचा अशोक, दत्तारामांचं नाव घेते, बघताहेत पंजाबचे लोक."

"इशारे में बोल रही है," जवान म्हणाला. पण नाव कळलं, फोन गेला, हे धावत आले आणि झाड वाचलं.

घरी परतताना हे कुरकुरले, "चव्हाट्यावर नाव घेतलंस."

घेतलं. एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. तेव्हापासून दूध उतू जाऊ दे, बस चुकू दे, माझ्याच हातून आमटी खारट होऊ दे, मी एकच नाव घेते. दत्ताराम.