पितृपक्षातली सहल

थीम पार्कला जायचं तर पितृपक्षातच, हा शहाणपणा माझा. मे महिन्यात ऊन, पावसाळ्यात पाळणे बंद, दिवाळीत रांगा. या पंधरवड्यात मात्र तिकडे कोणी फिरकत नाही. आई एवढंच म्हणाली, "हे दिवस चांगले नसतात रे."

रांग खरंच नव्हती. आकाशपाळणा रिकामाच फिरत होता आणि खाली कठड्यावर कावळे ओळीनं बसले होते. बाबा दरवर्षी म्हणायचे, "मलाही एकदा त्या पाळण्यात बसवा." आम्ही चांगला मोसम शोधत राहिलो, आणि गेल्या माघात ते गेले.

मुलीनं सहज वड्याचा तुकडा कठड्यावर ठेवला. एकही कावळा शिवेना. पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरवायचा शब्द देतात. ही इच्छा आता मी कशी पुरवणार?

तेवढ्यात आई पाळण्याकडे बघत म्हणाली, "मी बसू का रे एकदा?"

"आज ऊन फार आहे, आई," मी सवयीनं म्हणालो. "पुढच्या वर्षी थंडीत येऊ, तेव्हा बस."

वडा तसाच पडून होता. एका कावळ्यानं मान वाकडी केली आणि तो आईकडे बघत राहिला.