ग्रहणात मी काय बी चिरलं न्हवतं

बारशाला बायका जमल्या व्हत्या. पाळणा बांधून झाला व्हता, घुगऱ्या शिजल्या व्हत्या. बागवाली काकी आली. आळे गावाच्या बाजूला तिची द्राक्षाची बाग, मी तिथं सहा वर्सं कामाला जायचे. झबलं-टोपडं घेऊन आली व्हती. तिनं माझ्या मांडीवरनं बाळ उचललं आणि सगळ्यांच्या देखत त्याचं लंगोट सोडलं.

"बघू तरी, लोकं काय म्हणत्यात ते."

बघितलं तिनं. शेजारणींनी बी माना लांब केल्या. माझ्या पोराची लघवीची वाट जिथं पायजे तिथं न्हवती, खालच्या अंगाला व्हती. दवाखान्यात नर्सनं मला सांगितलं, मी सासूला सांगितलं, सासूनं कुणाला सांगितलं मला ठावं न्हाई. बारा दिवसांत गावभर झालं.

काकी म्हणली, "ग्रहणात काय चिरलंस गं?"

बाळ उघडं पडून रडत व्हतं. मला एवढंच सुचत व्हतं की त्याला झाकावं. पण ते तिच्या हातात व्हतं, आणि तिला उत्तर पायजे व्हतं.

मी म्हणले, "मिरची चिरली व्हती काकी. एकच."

खोटं. धडधडीत खोटं. पण माझं बाळ मला परत मिळालं.

खरं काय झालं व्हतं ते सांगते. त्या वर्षी दिवाळीतच ग्रहण आलं. मला नुकतेच दिस गेले व्हते. सासूनं सकाळीच विळी, सुरी, कात्री, सुई सगळं माळ्यावर टाकलं. मला भिंतीला टेकवून बसवलं, पाय लांब करून. खायचं न्हाई, प्यायचं न्हाई, बोटं मोडायची न्हाई. लघवीला लागली तरी मी दम धरला. ग्रहण सुटस्तवर हललेसुद्धा न्हाई. एवढं मन लावून मी उभ्या जल्मात काय केलं नसंल.

आणि तरी मीच म्हणले, मिरची चिरली.

त्या एका मिरचीनं माझा संसार नासवला. सासू येता-जाता म्हणायची, "जिभेचे चोचले पुरवलेस आणि लेकराचं वाटोळं केलंस." नवरा मारणारा न्हाई. पण त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं, महिनाभर. त्याला तरी खरं सांगावं वाटायचं. पण आता मी काय बी म्हणले असते तरी अंगावर आलं म्हणून पलटली, असंच झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं. पुढं पुढं तर मलाच वाटायला लागलं, खरंच चिरली असंल का? मिरची चिरायची आली की मी विळी सोडून उठायचे. पोरगं लघवी करायला बसायचं तेव्हा मी दुसरीकडं बघायचे.

त्या ग्रहणाच्या वर्षी दिवाळी झाल्यावर बागेत डिपिंग सुरू झालं व्हतं. डिपिंग म्हणजे हातात मग घ्यायचा, त्यात औषधाचं पाणी, आणि वेलीवरचा एकेक घड त्यात बुडवून काढायचा. मणी लांब व्हतो, फुगतो, त्याला भाव येतो. त्याच पाण्यात बुरशीचं औषध असायचं, किडीचं असायचं, आणखी काय काय. हिशेब काकीच्या नवऱ्याला ठावा. घड डोक्याच्या वर, त्यामुळं पाणी मनगटावरनं कोपरात, कोपरातनं काखेत. ब्लाउज संध्याकाळपर्यंत ओला. पलीकडच्या ओळीत ट्रॅक्टर फवारत चाललेला. हातमोजे मागितले तर मालक म्हणले, मोज्यानं घड निसटतो. त्याच हातानं आमी भाकरी खायचो. पाणी मोजकंच असायचं, ते काय हात धुवायला घालवायचं, म्हणून पदराला पुसायचो.

मी काकीला सांगितलं व्हतं, मला दिस गेल्यात.

ती म्हणली, "मग बरंय की. डिपिंग हलकं काम हाय, वजन उचलायचं न्हाई."

मी तिला हात जोडले. उपकारच वाटले मला तिचे.

ऑपरेशनसाठी पोराला पुण्याला नेलं, दीड वर्षाचा व्हता तेव्हा. तिथं एक डॉक्टरीणबाई व्हती. तिनं कागद बघितले, पोराला बघितलं, आणि मला विचारलं, "पहिल्या तीन-चार महिन्यांत तुम्ही काय काम करत होता?"

मी तयारी करून बसले व्हते. ग्रहणाचं विचारतील, मग मिरचीचं सांगायचं. हे असलं मला कुणी विचारलंच न्हवतं. मी म्हणले, द्राक्षाच्या बागेत, डिपिंगला. ती म्हणली, नुसत्या हातानं? मी म्हणले, हो.

ती म्हणली, "हे बघा, या एका बाळाकडे बोट दाखवून, त्याच औषधानं झालं, असं मी सांगू शकत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण काही औषधं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि बाळाचं हे अंग घडतं ते नेमके तेच दिवस. गरोदर बाईचा हात त्यात जायलाच नको होता."

मी म्हणले, "आणि ग्रहण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

मला रडू फुटलं. मी म्हणले, "बाई, मी चिरलीच न्हवती." तिला काय कळंना. म्हणली, काय चिरलं नव्हतं? मी नुसती तेच म्हणत राहिले, चिरलीच न्हवती, चिरलीच न्हवती. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

ऑपरेशन झालं. नळी घातलेली, पोरगं दहा दिवस गुरासारखं ओरडलं. अजून एक ऑपरेशन करायचंय. मी त्याच्या खाटेपाशी खाली बसून राहायचे आणि एकेक आठवायचे.

मला काकीची सून आठवली. तिला बी माझ्याच महिन्यात दिस गेले व्हते. फवारणी असली की काकी बंगल्याच्या खिडक्या लावून घ्यायची, फटींना ओली फडकी. डिपिंग लागायच्या आदल्या दिवशी सुनेला माहेरी धाडलं. गाडीत बसवताना काकी आमच्या देखत म्हणली व्हती, "औषधाचा वास गर्भाला चांगला न्हाई." आमी डिपिंगचे मग विसळत बसलेलो. सुनेला पोरगी झाली, गुटगुटीत. त्या लेकराचं मला काय वाईट वाटत न्हाई. तिनं काय केलंय?

आणि त्या चार ओळी आठवल्या. बागेच्या कडंला, बंगल्याजवळ चार ओळी व्हत्या. काकी दर साली पयल्या दिवशीच सांगायची, "त्या चार ओळींत मग न्यायचा न्हाई. त्या घरच्या खाण्याच्या हायेत." तिथला मणी बारका राहायचा, गोल. आमी हसायचो, म्हणायचो, मालकांना बारीकच गोड लागतं.

त्यांना ठावं व्हतं. पार सगळं न्हाई, पण आपल्या लेकीसुनेला आणि आपल्या ताटाला काय नको, एवढं पक्कं ठावं व्हतं. आणि ग्रहणाचं मला विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गेल्या हंगामात माझ्या धाकट्या जावेला दुसरा महिना लागला. काकीचा निरोप आला, "धाकटीला बी आण. हलकं काम हाय." मी घरात म्हणले, ही जाणार न्हाई. डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. सासू म्हणली, "तुझं तू चिरलंस. तिला कशाला भिववतीस? तिनं ग्रहणच बघितलं न्हाई."

तेव्हा मला कळलं. मी ज्या खोट्यानं माझं बाळ सोडवून घेतलं, त्याच खोट्यानं आता हिचं बाळ मगात बुडणार व्हतं. मिरचीवर सगळ्यांचा विश्वास बसलाय म्हणून मगाला कुणी भीत न्हाई.

धाकटी गेली. एक दिवस तिनं काम बी केलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या संगं बायकांना बागेत नेणाऱ्या पिकअपमध्ये चढले. बागेत गेलो. तिनं मग भरला, पयला घड धरला. मी तिच्या हातातला मग घेतला आणि मातीत ओतला.

काकी बांधावरनं आली. "काय चाललंय गं?"

मी म्हणले, "काकी, ग्रहणात मी काय बी चिरलं न्हवतं. तुमच्या हातात माझं लेकरू उघडं व्हतं म्हणून मी खोटं बोलले. मी ह्या मगात हात घातला व्हता. तुमच्या समोर, तुमाला सांगून. आणि तुमच्या सुनेला तुमी माहेरी धाडलं."

मला वाटलं व्हतं लई जोरात बोलंन, तसं काय झालं न्हाई.

काकी म्हणली, "लई शाणी झालीस. उद्यापासनं येऊ नगंस."

बारा-चौदा बायका व्हत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. एकीनं बी मान वर केली न्हाई. जरा वेळानं घड बुडवल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, एकीचा, दुसरीचा. मी त्यांना नावं ठेवत न्हाई. सहा वर्सं मी बी तशीच व्हते. धाकटी माझ्या मागं रस्त्यापर्यंत आली. रडत व्हती. विहिरीवर तिचे हात मी घासून घासून धुतले, कोपरापर्यंत.

त्या एका दिवसानं काय झालं, काय न्हाई, ते बाळ आल्यावरच कळंल. कदाचित तेव्हा बी कळणार न्हाई. आळ्याच्या बाजूच्या कुठल्याच बागेत आता मला कामाला घेत न्हाईत. माझं पोरगं तीन वर्सांचं झालंय. अंगणवाडीत दुसरी पोरं त्याला हसत्यात. घरी येऊन तो मला विचारतो, "आई, मी असा का?" त्याला मी मिरचीचं सांगणार न्हाई. मगाचं सांगणार हाय, आणि मी गप बसले ते बी सांगणार हाय.

येत्या हंगामात पिकअप थांबतो तिथं मी रोज सकाळी उभी राहणार. पोटुशी दिसंल तिला खाली उतरवणार. शिव्या खाईन.

त्याच्या आधी धाकटीचं बाळ येईल, बारसं व्हईल. काकी झबलं-टोपडं घेऊन आली तर येऊ दे. बाळ माझ्या मांडीवर असंल. लंगोटाला हात लावायच्या आधी तिनं सगळ्या बायकांच्या देखत मला सांगायचं, त्या चार ओळींत मग का न्यायचा न्हाई. त्याशिवाय बाळ तिच्या हातात जाणार न्हाई.